कॉम्प्युटर भंगारात द्यायच्या आधी: लिनक्सवरच्या एका मेसेजला उत्तर

विंडोज १० चा पाठिंबा, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून येणारे नेहमीचे सुरक्षा अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हापासून आमच्या अमळनेरच्या व्हॉट्सॲप गटांमध्ये एक मेसेज फिरतो आहे. धुळ्याच्या नातेवाइकांकडून आला, चोपड्याच्या मित्राकडून आला, शेवटी गल्लीतल्या काकूंनीही तोच पुढे केला. त्याचा सारांश असा: लिनक्स (विंडोजच्या जागी कॉम्प्युटर चालवणारी दुसरी प्रणाली) फुकट आहे म्हणून त्याच्या नादी लागू नका. ते इंजिनिअर लोकांचं काम आहे, काळ्या पडद्यावर कमांड लिहाव्या लागतात. त्यात मराठी टाइप होत नाही. प्रिंटर आणि वायफाय चालत नाही. कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, सगळ्यांसाठी उघडा असल्यामुळे कुणीही त्यात काहीही घुसवू शकतं. त्याचे शेकडो प्रकार आहेत, कोणतं घ्यायचं ते जाणकारांनाही कळत नाही. तेव्हा जुना कॉम्प्युटर भंगारात द्या, नाहीतर दुकानातून 'ॲक्टिव्हेट केलेलं' (म्हणजे परवाना विकत न घेता चालू केलेलं) विंडोज ११ टाकून घ्या.

काकूंकडचा कॉम्प्युटर तिसऱ्या पिढीच्या आय३ चा आहे, रॅम ४ जीबी. मुलगा बारावीला. मेसेज दाखवून त्या म्हणाल्या, "भाऊ, आते काय करू? नवा लेवाले पैसा नही शेत." (नवा घ्यायला पैसे नाहीत.) त्यांना जे समजावून सांगितलं, तेच इथे लिहितो. मी अमळनेरात आणि आसपासच्या खेड्यांत ओळखीच्यांचे जुने कॉम्प्युटर लावून देतो, त्यामुळे यातल्या बऱ्याच शंका मी समोरासमोर ऐकलेल्या आहेत.

आधी इंजिनिअरांची गोष्ट. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली लिनक्सचा गाभा लिहायला घेतला, तेव्हा तो खरोखरच जाणकारांपुरता होता. आज आपल्या खिशातला अँड्रॉइड फोन त्याच गाभ्यावर चालतो आणि तो चालवायला कुणी कमांड शिकलेलं नाही. केरळच्या सरकारी शाळांतली मुलं काइट या संस्थेने उबंटू या लिनक्सच्या प्रकारावर बेतलेल्या प्रणालीवर शिकतात. लिनक्स मिंट या दुसऱ्या प्रकारात खाली डाव्या कोपऱ्यात मेन्यू, उजवीकडे घड्याळ आणि वायफाय. विंडोज ७ वर हात बसलेल्या माणसाला नवं असं फारसं काही दिसतच नाही. नवीन प्रोग्रॅम सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घ्यायचा, अपडेट आले की ढालीच्या खुणेवर टिचकी मारायची.

मग हा काळा पडदा लोकांच्या डोक्यात बसला कुठून? इंटरनेटवर काही विचारलं की उत्तर कमांडमध्ये येतं. कारण सोपं आहे: दहा खिडक्यांची चित्रं काढून दाखवण्यापेक्षा एक ओळ लिहून देणं सोपं, आणि ती ओळ डेस्कटॉप कसाही दिसत असला तरी चालते. सांगणाऱ्याच्या सोयीची ही पद्धत शिकणाऱ्याला सक्तीची वाटते. बहुतेक कामं माउसनेही होतात. मी नवख्याला पहिल्या महिन्यात टर्मिनल, म्हणजे तो काळा पडदा, उघडायलाच सांगत नाही.

मराठीवर मात्र थोडं थांबून बोललं पाहिजे, कारण मेसेजमधला सगळ्यात खोटा मुद्दा हाच आहे आणि सगळ्यात जास्त लोक त्यालाच बिचकतात. मिंटच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये लेआउटची, म्हणजे कोणत्या कळेवर कोणतं अक्षर त्या मांडणीची, यादी असते. त्यात भारताखाली मराठी सुधारित इनस्क्रिप्ट आहे आणि मराठी कगप फोनेटिकही (उच्चारावरून टाइप करायची मांडणी) आहे. वेगळं काही विकत घ्यायचं नाही, कुठून उतरवायचं नाही, इंटरनेटही लागत नाही. इनस्क्रिप्ट हा भारत सरकारने १९८६ पासून मान्य केलेला आराखडा, त्यामुळे विंडोजवर ज्याने तो शिकला त्याची बोटं इथेही तशीच चालतात. 'दुसऱ्या'मधला र सुद्धा शिफ्ट धरून इंग्रजी 'J' ची कळ दाबली की येतो. ज्यांना इंग्रजी अक्षरांवरून मराठी लिहायची सवय आहे त्यांनी आयबस आणि एम१७एन ही टाइप करायच्या प्रोग्रॅमची जोडी टाकावी, त्यात मराठीचे फोनेटिक पर्याय आहेत.

आणखी एक गोष्ट मला मनापासून आवडते. आपला ल आणि आपला श हिंदीपेक्षा वेगळा काढला जातो, शाळेत आपण तोच गिरवला. ज्या टंकात (फाँटमध्ये) ही मराठी रूपं दिलेली आहेत तो निवडायचा, लिबरऑफिसमध्ये (वर्डसारखं लिहायचं सॉफ्टवेअर) मजकुराची भाषा मराठी ठेवायची, आणि अक्षरं मराठी वळणाची उमटतात. बाराखडीचे तक्ते छापणाऱ्या शिक्षकांना मी हे मुद्दाम दाखवतो.

अडचण येते ती दुसरीकडे, आणि तीही सांगितली पाहिजे. शाळांच्या आणि ग्रामपंचायतींच्या फायली बहुतेक वेळा मंगल टंकात असतात. मंगल हा विंडोजसोबत येतो, लिनक्सवर नसतो. फाइल उघडते, वाचता येते, पण टंक बदलल्यामुळे ओळी सरकतात आणि एका पानाचा अर्ज दीड पानाचा होतो. म्हणून छपाईला द्यायची फाइल पीडीएफ करूनच द्यावी. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या टंकांतला मजकूर तर त्या टंकाशिवाय विंडोजवरही अगम्य दिसतो, त्याचा दोष लिनक्सच्या माथी मारू नये. पण ज्यांचा धंदाच पेजमेकर आणि कोरलड्रॉवर आहे, म्हणजे लग्नपत्रिका आणि बॅनर करणारे, त्यांनी विंडोज सोडू नये. दुकानाचा हिशेब टॅलीत ठेवणाऱ्यांनीही सोडू नये. सेवा केंद्रात अंगठ्याचं मशीन किंवा डिजिटल सहीचं टोकन रोज वापरणाऱ्यांना मी स्वतःहून नको म्हणतो. हे सगळं काम कसंबसं चालवून घेता येईलही, पण समोर रांग उभी असताना कसंबसं चालून उपयोग नाही.

प्रिंटर आणि वायफायचा मुद्दा अर्धा खरा आहे. एचपीचे बरेचसे प्रिंटर वायर जोडली की लागतात, कारण एचपीने स्वतः लिनक्ससाठी एचपीलिप नावाची व्यवस्था केलेली आहे. उलट कॅननचा एलबीपी २९००, जो आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानापासून वकिलांच्या ऑफिसापर्यंत दिसतो, तो कॅप्ट नावाच्या कॅननच्या खास पद्धतीने चालतो. तो लिनक्सवर लावणं किचकट आहे, नवख्याने त्यात पडू नये. काही जुन्या लॅपटॉपमधलं ब्रॉडकॉमचं वायफाय सुरुवातीला सापडत नाही. तेव्हा फोन यूएसबीने जोडायचा, टेदरिंग (फोनचं इंटरनेट कॉम्प्युटरला देणं) चालू करायचं आणि मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून योग्य ड्रायव्हर, म्हणजे ते वायफाय चालवणारा प्रोग्रॅम, घ्यायचा.

पण यातलं काहीही अंदाजावर सोडायची गरजच नाही, आणि मेसेज नेमकं हेच दडवतो. लिनक्स पेनड्राइव्हवरून, हार्डडिस्कला हात न लावता चालवून बघता येतं. वायफाय लागतं का, आवाज येतो का, घरच्या प्रिंटरवर पान निघतं का, हे सगळं तासाभरात तपासता येतं. नाही जमलं तर पेनड्राइव्ह काढायचा, कॉम्प्युटर पुन्हा सुरू करायचा, तुमचं विंडोज जसंच्या तसं. ही सोय विंडोज देत नाही.

आता उघड्या कोडची भीती. माझ्या मते हा मेसेजमधला सगळ्यात घातक मुद्दा आहे, कारण ऐकायला तो पटतो. कोड सगळ्यांना दिसतो याचा अर्थ तो कुणीही बदलून आपल्या कॉम्प्युटरवर पाठवू शकतो, असा होत नाही. बदल सुचवणारे पुष्कळ, पण तो तपासून आत घेण्याचा अधिकार ठरावीक लोकांकडे असतो. या व्यवस्थेत घुसण्याचा प्रयत्न झाला नाही असं मी म्हणणार नाही. मार्च २०२४ मध्ये लिनक्समधल्या एक्सझेड नावाच्या छोट्याशा पण सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या भागात चोरदरवाजा बसवलेला सापडला. तो बसवणाऱ्याने आधी दोनेक वर्षं काम करून विश्वास कमावला होता. आंद्रेस फ्रॉइंड या मायक्रोसॉफ्टमधल्याच अभियंत्याला सर्व्हरवर लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं, तो खोदत गेला आणि सगळं बाहेर आलं. कोड उघडा होता म्हणून त्याला आतपर्यंत जाता आलं. रोजच्या वापराच्या मुख्य स्थिर आवृत्त्यांत तो भाग पोचण्याआधीच थांबवला गेला.

दुसरी घटना खुद्द मिंटची. फेब्रुवारी २०१६ मध्ये त्यांची वेबसाइट फोडून काही काळ बिघडवलेली आयएसओ फाइल (जिच्यातून मिंट बसवतात ती) लोकांना दिली गेली. मिंटच्या मंडळींनी ते लगेच जाहीर केलं. तेव्हापासून मी एक पथ्य पाळतो: आयएसओ मूळ वेबसाइटवरूनच घ्यायची आणि तिची एसएचए२५६ बेरीज (फाइल मूळचीच आहे का ते ओळखायचा आकडा) वेबसाइटवरच्या आकड्याशी जुळवून बघायची. पाच मिनिटांचं काम आहे, ते टाळू नका.

शेकडो प्रकार आहेत हे खरं. केळीच्याही पुष्कळ जाती आहेत, म्हणून रावेरच्या बाजारात केळी घ्यायला गेलेला माणूस रिकाम्या हाताने परत येत नाही. नवख्यासाठी माझं उत्तर ठरलेलं आहे. रॅम ४ जीबी किंवा जास्त आणि एसएसडी (जुन्या हार्डडिस्कपेक्षा वेगवान डिस्क) असेल तर लिनक्स मिंट, सिनॅमन आवृत्ती. मशीन त्याहून हळू असेल तर त्याच मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती. उबंटू चांगलं आहे, पण त्याचा डेस्कटॉप विंडोजवरून येणाऱ्याला परका वाटतो आणि ४ जीबीत दमतो. झोरिन दिसायला देखणं आहे, नवं मशीन असेल तर खुशाल घ्या. मिंटची २२ ही मालिका उबंटूच्या २४.०४ वर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, म्हणजे काकूंचा मुलगा पदवी घेईपर्यंत चिंता नाही. अगदीच जुना, ३२ बिटचा कॉम्प्युटर असेल तर मात्र मिंटची ही मालिका त्यावर चालत नाही.

राहिला शेवटचा सल्ला, 'ॲक्टिव्हेट केलेलं' विंडोज ११. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची खास सोय, बहुधा चिपमध्ये असते) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. ती पिढी २०१७ साली आली. काकूंचा आय३ त्याच्या पाच वर्षं आधीचा. आडवाटेने विंडोज ११ त्यावर चढवता येतं, पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच असं मायक्रोसॉफ्ट सांगत नाही. आणि ॲक्टिव्हेट करणारी ती छोटी फाइल चालवण्याआधी काय करायला सांगतात? अँटिव्हायरस बंद करा. कुणी लिहिली ते ठाऊक नाही, आत काय आहे ते बघायची सोय नाही, आणि तिला कॉम्प्युटरचे सगळे अधिकार द्यायचे. उघड्या कोडला घाबरवणारा मेसेज शेवटी हे करायला सांगतो, याचा मला राग येतो. त्याच कॉम्प्युटरवर पुढे बँकेचा पासवर्ड टाकला जातो, शिष्यवृत्तीचा अर्ज भरला जातो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने जगभर कॉम्प्युटर कुलूपबंद केले, ते मुख्यतः अपडेट न झालेल्या विंडोजवरच.

विंडोजच ठेवायचं असेल तर विकतचं ठेवा. घरगुती वापरासाठी विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा सुरक्षा अपडेटची मुदत जाहीर केली होती, तो रस्ताही सरळ आहे.

काकूंच्या कॉम्प्युटरमध्ये आम्ही जुन्या हार्डडिस्कच्या जागी एसएसडी बसवली आणि मिंट सिनॅमन टाकलं. त्याआधी लग्नाचे फोटो आणि मुलाच्या नोट्स बाहेरच्या डिस्कवर उतरवल्या. हे आधी करायचं, कारण बसवताना हार्डडिस्क पुसायचा पर्याय चुकून निवडला की मागचं काही परत येत नाही. बसवून झाल्यावर टाइमशिफ्ट चालू केलं. अपडेटनंतर काही बिनसलं तर त्यातून कालच्या स्थितीवर परत जाता येतं.

तुम्हाला बघायचं असेल तर ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. कॉम्प्युटर चालू करताना डेल, लेनोव्हो आणि एसरच्या बहुतेक मशीनवर एफ१२ आणि एचपीवर एफ९ दाबलं की पेनड्राइव्ह निवडायची यादी येते. पेनड्राइव्ह भरून हवा असेल तर तो घेऊन संध्याकाळी सातनंतर माझ्याकडे या.