घरचं सोयाबीन पेरल्यानं कोणी जेलात जात नाही

‘सरकारनं बियाण्याचं पेटंट कंपन्यांना देऊन टाकलं. घरचं बियाणं पेरलं तर पाच वर्षं जेल. एकदा पेटंट दिलं की सरकारचाही इलाज चालत नाही.’ हा मेसेज ऐन पेरणीच्या तोंडावर गावोगावच्या ग्रुपवर फिरतो आहे. आमच्या मोठ्या बाबांनी तो वाचून बियाण्यासाठी राखलेलं सोयाबीन अडत्याकडे घातलं आणि कृषी केंद्रातून उधारीवर बॅगा आणल्या. हे नुकसान कोण भरून देणार?

बियाण्याला भारतात पेटंट मिळतच नाही. पेटंट कायद्याच्या कलम ३(जे) नुसार झाड, त्याचा भाग, बियाणं, वाण यांना शोध मानलंच जात नाही. बीटी कपाशीत बोंडअळी मारायला घातलेल्या जनुकावर पेटंट होतं, तेही २०१९ मध्ये संपलं.

आता जेल. नोंदणीकृत वाणांसाठी २००१ चा वेगळा कायदा आहे. त्याचं कलम ३९ सरळ सांगतं की असं वाणसुद्धा कास्तकार राखू शकतो, पुन्हा पेरू शकतो, शेजाऱ्याला देऊ शकतो, विकूही शकतो. फक्त ब्रँडचं नाव लावून विकायचं नाही. आणि पेटंटचा भंग हा दिवाणी मामला आहे, त्यात कैद नाहीच. सोयाबीन हे सरळ वाण, म्हणजे संकरित नाही, त्याचं बियाणं पुन्हा पेरता येतं; कृषी विभागच घरचं बियाणं वापरा म्हणून सांगतो. शंभर दाणे ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडा, गुंडाळून सावलीत ठेवा, ओल टिकवा. आठवड्यानं सत्तर किंवा जास्त उगवले तर बेधडक पेरा. कमी उगवले तर एकरी बियाणं वाढवा. एवढं केलं असतं तर उधारी झाली नसती.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. एचटीबीटी, म्हणजे तणनाशक सहन करणारी बीटी कपाशी पेरली म्हणून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोट तालुक्यात शेतकऱ्यांवर गुन्हे दाखल झाले. पण ते त्या बियाण्याला मंजुरी नव्हती म्हणून. पाच वर्षांची शिक्षा होती ती तेव्हाच्या पर्यावरण कायद्यात; २०२४ पासून तिच्या जागी दंड आला. मेसेज लिहिणाऱ्यानं ती उचलून सोयाबीनला चिकटवली. कपाशीच्या बॅगा दरवर्षी घ्याव्या लागतात त्या संकरित म्हणून, पेटंटमुळे नाही.

सरकारचा इलाज चालत नाही, हे तर धडधडीत खोटं. २०१२ मध्ये पेटंट नियंत्रकांनी बायर कंपनीच्या पेटंट असलेल्या कॅन्सरच्या औषधाचा सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटवाल्याची संमती नसतानाही ते बनवायची परवानगी, हैदराबादच्या नॅटको कंपनीला दिला. महिन्याचा खर्च २,८०,००० रुपयांवरून ८,८०० वर आला.