पाँगचा आजोबा शोधणाऱ्या मेसेजला उत्तर

सोलापूरच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. माझ्याकडे तो तिघांकडून आला, त्यातले दोघे चित्रकलेचे मास्तर. मजकूर थोडक्यात असा: नाम जून पाइक या कोरियन कलावंतानं व्हिडिओ आर्ट, म्हणजे टीव्ही आणि व्हिडिओ हेच साहित्य असलेली कला, सुरू केली, तोवर पडदा नुसता बघायचा असे, त्या कलेतून १९७२ साली ‘पाँग’ हा पडद्यावरच्या टेनिसचा पहिला व्हिडिओ गेम जन्मला, म्हणूनच न्यूयॉर्कच्या म्युझियमनं गेमना व्हिडिओ आर्टच्या पंगतीला बसवलं, जगातला पहिला पिक्सेल (चित्राचा एकेक ठिपका) मात्र सोलापुरी चादरीवर विणला गेला, आणि इतकं असूनही आपल्याकडे गेम आले ते थेट मोबाइलबरोबर.

वाचायला झकास आहे. पण तारखाच जुळत नाहीत.

पाइकनं जर्मनीतल्या वुपर्टालला टीव्ही मांडले ते १९६३ साली. त्याआधी पाच वर्षं, ऑक्टोबर १९५८ मध्ये, अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबोथम यांनी ऑसिलोस्कोपच्या, म्हणजे विजेच्या लहरी दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर टेनिस खेळायला लावून पाहुण्यांची रांग लावली होती. हातात एक खोका, त्यावर एक गोल बटण आणि एक कळ. १९६२ साली अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठातली पोरं पीडीपी-१ या संगणकावर ‘स्पेसवॉर’ खेळत होती. नातू आजोबाच्या आधी कसा जन्मेल?

आता ‘पाँग’. त्याचा खरा वाद कलावंतांशी नाहीच, राल्फ बेअर या इंजिनिअरशी आहे. बेअर १९६६ पासून घरच्या टीव्हीवर खेळ आणण्याच्या मागे होते. त्यातून १९७२ मध्ये मॅग्नाव्हॉक्स कंपनीचा ‘ओडिसी’ हा टीव्हीला जोडायचा गेम आला. ‘पाँग’ काढणाऱ्या अटारी कंपनीच्या नोलन बुशनेल यांनी त्याचं प्रात्यक्षिक त्याच वर्षी मे महिन्यात पाहिलं होतं. ‘पाँग’ नोव्हेंबरमध्ये आला. प्रकरण कोर्टात गेलं आणि १९७६ मध्ये तडजोडीनं मिटलं. वंशावळच काढायची तर ही काढा.

मग पाइक यात कुठे बसतो? शेजारी. त्याच्या एका टीव्हीसमोर मायक्रोफोन होता. बोललं की पडद्यावरच्या रेषा उसळायच्या. १९६५ च्या ‘मॅग्नेट टीव्ही’त डब्याच्या डोक्यावर जाडजूड लोहचुंबक ठेवलेलं. ते सरकवलं की ट्यूबमधला इलेक्ट्रॉनचा झोत वळायचा आणि चित्र पिळवटून निघायचं. हा प्रयोग मीही केलाय, पाइकचं नावही ऐकलं नव्हतं तेव्हा. घरात नवा कलर टीव्ही होता. जळलेल्या स्पीकरचं चुंबक काचेला लावलं, तर बातम्या देणाऱ्या बाईंचा गाल हिरवा-जांभळा होऊन कानापर्यंत ओढला गेला. चुंबक काढलं तरी डाग जाईना, कारण कलर ट्यूबच्या आतली पत्र्याची जाळी चुंबकून बसली होती. (पाइकचा टीव्ही कृष्णधवल, त्यात ही जाळीच नसते.) मेकॅनिक आला, तारेचं वेटोळं पडद्यापुढे गोल गोल फिरवत मागे सरकला आणि बाईंचा गाल जागेवर आला. माझा गाल मात्र दोन दिवस लाल होता.

टीव्हीच्या एकाच डब्याला पाइक आणि बेअर या दोघांनी हात घातला, एकानं चित्र बिघडवायला, दुसऱ्यानं खेळ आणायला. कला आणि गेम यांची गाठ पडली ती पुढे. मायरन क्रूगर यांचं ‘व्हिडिओप्लेस’ सत्तरच्या दशकातलं: कॅमेरा माणसाची सावली टिपायचा आणि ती पडद्यावरच्या चित्रांशी खेळायची. अंगाच्या हालचाली टिपून गेम खेळवणारं ‘किनेक्ट’ दुकानात आलं ते २०१० मध्ये. इथे कला पुढे आणि धंदा मागे होता, हे मी आनंदानं मान्य करतो.

म्युझियमचा मुद्दा दोन वाक्यांत संपतो. मोमानं, म्हणजे न्यूयॉर्कच्या त्या म्युझियमनं, २०१२ मध्ये १४ गेम घेतले हे खरं, पण ते वास्तुकला आणि डिझाइन विभागानं घेतले. पंगत वेगळी होती.

आता चादर. इथे माझ्याच माणसांचा रोष ओढवून घेतोय, पण इलाज नाही. जकार्डवर, म्हणजे चादरीवर नक्षी विणणाऱ्या मागाच्या यंत्रावर, पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ फिरते; भोक असलं की उभा धागा उचलला जातो, नसलं की खाली राहतो, आणि ओळीमागून ओळ मोर उमटत जातो. पिक्सेल म्हणायचं तर म्हणा. पण हे यंत्र फ्रान्समधल्या लिआँचं, १८०४ च्या सुमाराचं. भोकांचा कागद तर तिथेच बुशाँनं १७२५ मध्ये मागाला लावला होता. शिवाय सोलापूरच्या पूर्व भागातल्या कुठल्याही कारखान्यात मागासमोर उभे राहा आणि हात हलवून बघा. मोर मान वळवणार नाही. माळ फिरून पहिल्या कार्डावर येईल आणि तोच मोर पुन्हा. बघणाऱ्याला प्रतिसाद न देणारं चित्र, मग ते कितीही देखणं असो, या गोष्टीत बसत नाही.

राहिला मोबाइल. नव्वदीत ज्यांनी नाण्याच्या मशीनपुढे रांग लावली, भाड्यानं टीव्ही गेम आणून कॅसेट फुंकून फुंकून घातली, त्यांना विचारा की! आमच्या गेमबरोबर प्लास्टिकची बंदूक होती, पडद्यावरची बदकं मारायला. ती बंदूक पडद्यावर काहीच सोडत नसे. ती पडद्याकडे बघत असे. चाप ओढला की क्षणभर पडदा काळा, बदकाच्या जागी पांढरा चौकोन, आणि नळीतल्या डोळ्याला उजेड दिसला की बदक पडलं. असलीच बंदूक १९७२ च्या ‘ओडिसी’लाही जोडता यायची; ती इतकी भोळी की दिव्यावर रोखली तरी नेम लागायचा. आमची अजून माळ्यावर आहे. नव्या सपाट टीव्हीला जोडून पाहिली. बदकं उडून गेली, कारण हा पडदा चौकोन दाखवायला किंचित उशीर करतो आणि बंदुकीला थांबायची सवय नाही.