‘सगळं एकाच डब्यात टाका, कंपनी पैसे देईल’: या फॉरवर्डचं काय करायचं?

गेल्या पंधरवड्यात हा मजकूर मला चार ग्रुपांवर आला. सार असं: ‘पुण्याचा कचरा म्हणजे सोन्याची खाण. आजची व्यवस्था अपुरी आहे. अमेरिकेतली सगळ्यात मोठी कचरा कंपनी डंपिंग सोडून रिसायकलिंगकडे वळली आणि मालामाल झाली. आपणही सगळा कचरा एका बड्या कंपनीला देऊन टाकावा. ओला-सुका वेगळं करायची कटकट नको, मशीन करेल. उलट कंपनीच महापालिकेला पैसे देईल.’ खाली जोडलेले हात आणि ‘पुढे पाठवा’.

‘डंपिंग सोडून’? कंपनी खरी आहे. ह्यूस्टनची वेस्ट मॅनेजमेंट, २०२२ पासून नुसतं ‘डब्ल्यूएम’. पण तिच्याकडे आजही अडीचशेहून जास्त लँडफिल, म्हणजे कचरा पुरायचे खड्डे, आहेत आणि धंद्याचा कणा तोच आहे. ट्रक आला, काट्यावर चढला, टनामागे फी जमा. गंमत अशी की जो टन रिसायकलिंगला गेला, तो खड्ड्याच्या कमाईतून वजा होतो. आपलंच एक दुकान दुसऱ्या दुकानाचं गिऱ्हाईक पळवतं, असा हा पेच आहे. त्या कंपनीला तो नीट कळतो, फॉरवर्ड लिहिणाऱ्याला नाही.

‘मालामाल झाली’? खड्ड्याची फी ठरलेली असते, पुठ्ठ्याचा भाव नसतो. तो बाजारावर नाचतो. भाव पडले तेव्हा २०१५ च्या सुमारास या कंपनीने आपली काही वर्गीकरण केंद्रं बंद केली, आणि तेव्हाचे प्रमुख डेव्हिड स्टायनर स्वतःच रिसायकलिंगचं गणित बसत नाही असं उघड सांगत होते. मग २०१८ मध्ये चीनने दार लावलं. बरंचसं भंगार घेणं बंदच केलं, आणि जे घ्यायचं त्यात भेसळ अर्ध्या टक्क्यापर्यंतच चालेल, अशी अट घातली. अमेरिकेतल्या डब्यांत नको ते सामान किती? कंपनीचाच हिशोब होता की चारात एक वस्तू चुकीची. अर्धा टक्का कुठे आणि पंचवीस टक्के कुठे!

यातून कंपनीने काय शहाणपण घेतलं? करार बदलले. आता भाव काहीही असो, माल निवडून देण्याची फी शहरांनी मोजायची. म्हणजे पैसे उलट दिशेला वाहतात. फॉरवर्डमधलं ‘कंपनीच पैसे देईल’ इथेच गळून पडतं.

‘मशीन करेल’ हा मुद्दा मात्र जरा सावकाश बघायला हवा, कारण भले भले इथे फसतात. अमेरिकेत ‘एकच डबा’ म्हणतात तो फक्त सुक्याचा. उष्टं-खरकटं वेगळ्या डब्यात. तरी पंचवीस टक्के घोळ! आपल्या कचऱ्यात निम्म्याहून जास्त ओलाच. आमटी लागलेला पुठ्ठा जगातल्या कुठल्याही मशीनमधून पुठ्ठा म्हणून बाहेर येत नाही.

आमच्याकडे कचरा न्यायला येणाऱ्या मावशींना एकदा बकेट रिकामी करताना पाहिलं. दुधाची पिशवी चिमटीत धरली, झटकली, कोपरा बघितला. कोपरा पूर्ण कापून टाकला नव्हता, पिशवीलाच लोंबत होता, म्हणून त्या खूश. पुढची पिशवी भाजीच्या पाण्यात भिजलेली. ती बाजूला. ‘ओली असली की भंगारवाला वजन कापतो,’ एवढंच बोलल्या. सगळी तपासणी दोन सेकंदांची. आणि ही तपासणी घराच्या दारात झाली, म्हणूनच त्या पिशवीला भाव आला.

मग ‘सोनं’ कुठे आहे? ते आधीच वाटलं गेलंय. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. तिच्यातून पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था आली आणि २००८ पासून तिचा महापालिकेशी करार झाला. सदस्यांची कमाई घरोघरच्या मासिक शुल्कातून आणि भंगारातून. तेच भंगार कंपनीला द्यायचं म्हणजे नवं सोनं सापडलं असं नाही, मावशींच्या कनवटीचं काढून घेतलं एवढंच. २०१६ च्या घनकचरा नियमांनीही वर्गीकरणाची जबाबदारी घरावरच टाकली होती आणि कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्या म्हटलं होतं.

आणि मोठ्या कचरा प्रकल्पाचा अनुभव पुण्याला नाही असं थोडंच आहे? शहराजवळच्या उरुळी देवाची-फुरसुंगीला एक उभा राहिला होता. तो किती चालला आणि वास किती वर्षं आला, हे तिथल्या लोकांना विचारा. कोथरूडकरांचं बरं आहे, त्यांच्या जुन्या कचरा डेपोच्या जागी आता मेट्रोचा डेपो आहे.

फॉरवर्डची एक ओळ मात्र मला पटते: ‘आजची व्यवस्था अपुरी आहे.’ आहेच. फीडर पॉइंटवर, म्हणजे गोळा केलेला कचरा महापालिकेच्या गाडीत द्यायच्या जागी, गाडीची वाट बघत बायका उन्हात उभ्या असतात, हातमोजे फाटके, आणि डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर, वेचणाऱ्यांना ओळखू यावा म्हणून, लाल ठिपका काढायचा कंटाळा आपल्यालाच येतो. तक्रार करायचीच तर याची करू.

रविवारी आमच्या सोसायटीची सभा आहे आणि सेक्रेटरींनी हाच फॉरवर्ड विषयपत्रिकेत घेतलाय. मी जाताना दुधाच्या दोन पिशव्या नेणार आहे. एक धुऊन वाळवलेली, दुसरी कालच्या आमटीतली.