मालकाचं उत्तर: काटे चार मिनिटं पुढे होते, मागे नाही

नमस्कार साहेब,

तुमचा एक स्टारचा अभिप्राय काल शटर ओढताना वाचला. तुम्हाला त्रास झाला त्याबद्दल मनापासून सॉरी. काटे आणि डिजिटल पडद्यावरचे आकडे जुळलेले नसताना घड्याळ हातात द्यायला नको होतं, ती चूक माझीच.

पण तुम्ही लिहिलंय, ‘सेल बदलल्यापासून काटे चार मिनिटं पुढे, त्यामुळे दुसऱ्या दिवशी लोकल चुकली.’ साहेब, घड्याळ पुढे असेल तर माणूस स्टेशनवर आधी पोचतो. मागे असतं तर मी मान खाली घालून ऐकून घेतलं असतं.

ती चार मिनिटं आली कुठून तेही सांगतो. तुमच्या मॉडेलमध्ये काट्यांची आणि आकड्यांची वेळ वेगवेगळी लावावी लागते. सेल काढला की काटे होते तिथेच थांबतात आणि आकडे पुसले जातात. नवा सेल घालून, आत बारीक अक्षरात ‘एसी’ लिहिलेल्या जागी चिमटा टेकवून मी रिसेट केलं. मोबाइल समोर ठेवून आकडे सेकंदाला लावले. राहिले काटे. ते बटण दाबून फक्त पुढेच जातात. तुम्ही काउंटरच्या काचेवर किल्ली वाजवत होतात, ‘आटपा, कर्जत गाडी आहे.’ त्या गडबडीत बोट बटणावर जरा जास्त राहिलं. आता चार मिनिटं मागे यायचं तर काट्यांना अकरा तास छप्पन्न मिनिटं पुढे फिरवून आणावं लागतं! मी म्हटलं, थोडं थांबा. तुम्ही म्हणालात, ‘राहू दे, आकडे बरोबर आहेत ना?’ आणि निघालात. हे अभिप्रायात कुठेच नाही.

350 रुपयांत सेलबरोबर झाकणाची रबर रिंगही बदलली, बिलावर आहे. जुनी रिंग ठेवली तर पावसाळ्यात काचेच्या आत वाफ धरते.

‘दोन तोंडांचं घड्याळ गळ्यात मारलं’ हेही लागलं. दोन वर्षांपूर्वी विकताना मी स्वतः दाखवलं होतं की साडेसहाला दोन्ही काटे बरोबर आकड्यांवर येऊन बसतात, आणि तिरकं बघितलं तर आकडे फिके दिसतात. तुम्हालाच अलार्म, स्टॉपवॉच हवं होतं आणि ऑफिसात शोभणारे काटेही. वेळ वेगवेगळी लागते याचा फायदाही असतो. आमचं एक गिऱ्हाईक काटे आपल्या वेळेला ठेवतं आणि आकडे दीड तास मागे, दुबईच्या भावासाठी. असो.

‘उर्मट’ हा शब्द मात्र घरी मिसेसनेही वाचला. वडिलांपासूनचं दुकान आहे. हल्ली लोक आधी स्टार बघतात, मगच गोखले रोडला वळतात.

यापुढे घाईतल्या गिऱ्हाइकांसाठी काहीतरी व्यवस्था करतोय. तुम्ही कधीही या, काटे जुळवून देतो, पैसे नाहीत. फक्त गाडीच्या अर्धा तास आधी या. सोमवारी दुकान बंद असतं.