घराणे नसलेल्याने उभे राहावे का? एका प्रतिक्रियेला उत्तर

आपण वेळ काढून सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभार. ज्यांच्या घरात आजवर कोणी साधा पंचही झालेला नाही, अशा तरुणांनी ग्रामपंचायतीपासून सुरुवात करावी, असे मी लिहिले होते. त्यावर आपला आक्षेप असा की, कोल्हापूर जिल्ह्यात गट, पैसा आणि साखर कारखाना पाठीशी नसेल तर कोणी निवडून येत नाही, आणि हे ठाऊक असूनही मी मुलांना भरीस घालतो आहे. ऊस आंदोलनातून पुढे आलेले शेतकरी नेते राजू शेट्टी हा अपवाद आहे आणि महिलांच्या राखीव जागांवर घराण्यातल्या सुनाच येतात, हेही आपण सुनावले आहे.

गटाच्या ताकदीबद्दल आपण लिहिले ते खरे आहे. किंबहुना ती आपण मांडली त्याहून खोलवर गेलेली आहे. आपल्याकडचे राजकारण मतदान केंद्रावर पोचण्याआधीच पीककर्ज देणाऱ्या गावच्या विकास सेवा संस्थेत आणि दूध संस्थेत ठरलेले असते. गोकुळच्या, म्हणजे जिल्हा दूध संघाच्या, निवडणुकीत म्हशीची धार काढणारा उत्पादक मत देत नाही. त्याच्या गावच्या संस्थेने ज्याच्या नावे ठराव केला, तो मत देतो. हा ठराव कोणाच्या नावे करायचा यावरून गावात गट जुळतात आणि फुटतात. पीककर्ज, उसाची तोड आणि दुधाचे बिल ज्यांच्या हातून जाते, त्यांच्याविरुद्ध उघडपणे अर्ज भरणे अल्पभूधारकाला परवडत नाही. म्हणूनच नवख्याने पहिल्याच झेपेत जिल्हा परिषद किंवा दूध संघ गाठण्याचा विचार करावा, असे मी कोणालाही सांगणार नाही.

ग्रामपंचायतीच्या प्रभागाचे गणित मात्र वेगळे आहे. दीड हजारापर्यंत लोकवस्तीच्या गावात सात सदस्य असतात आणि एका प्रभागातून दोन किंवा तीन निवडले जातात. म्हणजे उमेदवारासमोर असतात ते काहीशे मतदार, आणि त्यातले बहुतेक त्याला नावानिशी ओळखणारे. इथे गटाचा माणूस निवडून येतो तो बऱ्याचदा आडनावापेक्षा रेशनकार्डावर नाव चढवून दिले, घरकुलाच्या यादीमागे लागून राहिला, रात्री-अपरात्री दवाखान्यात सोबत आला, म्हणून. हे काम करायला वारसा लागत नाही. चार-पाच वर्षे लागतात, आणि नेमकी तीच द्यायला आपली मुले तयार नसतात, अशी माझी तक्रार आहे.

ग्रामसभेचेच पाहा. गणपूर्तीसाठी पंधरा टक्के किंवा शंभर मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती पुरते. तेवढेही जमले नाहीत तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. त्यामुळे मोजक्या माणसांत ठराव होऊन जातात. अशा सभेत मागचे इतिवृत्त वाचून आलेला एकच माणूस प्रश्न विचारू लागला, तर पुढच्या वेळी त्याला कोणी गृहीत धरत नाही.

‘पंचायतीत जाऊन मिळणार काय, गटारे आणि दिवाबत्ती?’ असे आपण विचारता. (गावाला बहुतेक वेळा तेच हवे असते, हे सोडा.) शिरोळ तालुक्यातील हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींना तसे करण्याचे आवाहन करणारे परिपत्रक काढले.

राजू शेट्टी २००२ मध्ये जिल्हा परिषदेत, २००४ मध्ये शिरोळमधून विधानसभेत आणि २००९ मध्ये निवेदिता माने यांचा पराभव करून लोकसभेत गेले. २०१९ मध्ये त्याच घरातील धैर्यशील माने यांनी त्यांना हरवले. या शेवटावरून घराणे परत येतेच असे आपण म्हणाल, आणि ते म्हणणे मी खोडणार नाही. परंतु सुरुवात पाहिली, तर उमेदवारीच्या आधी ऊसदराचे आंदोलन होते, आणि ‘एक व्होट, एक नोट’ म्हणत प्रचाराचा पैसा शेतकऱ्यांनी उभा केला होता.

कोल्हापूर शहरापुरते आपले म्हणणे अधिक लागू पडते. महापालिकेच्या ८१ जागा २०१५ मध्ये एकसदस्यीय प्रभागांतून निवडल्या गेल्या. त्यानंतर बहुतेक चार-चार सदस्यांचे प्रभाग आले. एवढ्या मोठ्या प्रभागात एकट्याने फिरणे कठीण, म्हणून तिथे पक्षाचा किंवा पॅनेलचा आधार घ्यावाच लागतो.

सुनांविषयी इतकेच म्हणेन की, पन्नास टक्के आरक्षणामुळे घराण्यालाही स्त्री उमेदवार शोधावी लागते. ग्रामसभेपूर्वी महिला सभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे. बचत गटाचे हिशेब सांभाळलेली बाई त्या सभेत नेमाने बोलत असेल, तर ती नामधारी सुनेपुढे दुबळी उमेदवार ठरत नाही.

राहता राहिला कागदपत्रांचा मुद्दा. गटाकडे वकील असतो, नवख्याकडे नसतो, हे आपले निरीक्षण अचूक आहे. त्यासाठीच घरपट्टीची थकबाकी, सरकारी जागेवरचे अतिक्रमण, राखीव जागेसाठी जातवैधता आणि १९९५ पासून जन्मलेल्यांसाठी सातवी उत्तीर्ण असल्याचा दाखला, या गोष्टी निवडणूक जाहीर होण्यापूर्वीच पाहून ठेवाव्यात. निकालानंतर तीस दिवसांत खर्चाचा हिशेब द्यावा लागतो, आणि तो पराभूत उमेदवारालाही द्यावाच लागतो. हरल्याच्या निराशेत तो राहून गेला, तर अपात्रता पाच वर्षांपर्यंत जाऊ शकते आणि पुढची निवडणूकही हातची जाते.