किती किलो सोनं?

म्हैसूरहून येऊन आठवडा झाला. राजवाड्याचे फोटो टाकून झाले, साड्यांचेही झाले. आता जे फोटोत आलं नाही ते लिहिते. जरा लांबेल.

चपला बाहेर ठेवून आत शिरलो आणि गाईडने सुरुवातच आकड्यांनी केली. खर्च किती, दिवे किती, अंबारी 750 किलोची, तिला मढवलेलं सोनं किती. आमच्या घोळक्यातला प्रत्येक जण (मीही!) त्या सोन्याचा आजचा भाव मनातल्या मनात लावत होता. चौथीतल्या आमच्या चिरंजीवांना मात्र वेगळीच तक्रार होती. "हा जुना कुठाय? इथे लढाई कुठे झाली?" किल्ले चढत वाढलेलं पोर. पडका बुरुज दिसला नाही की त्याला इतिहास दिसत नाही.

आणि खरंच, हा वाडा काही फार जुना नाही. 1897 साली राजकन्येच्या लग्नात आधीचा लाकडी राजवाडा जळाला. ऐन लग्नघरात आग! राजा तेव्हा बारा वर्षांचा, वडील दोन-सव्वादोन वर्षांपूर्वी गेलेले, कारभार विधवा आईच्या हाती. त्या बाईंनी, वाणीविलास महाराणींनी, हेन्री आयर्विन नावाच्या ब्रिटिश वास्तुविशारदाकडून नवा वाडा बांधायला घेतला. तो 1912 साली पुरा झाला. मला विचाराल तर इथे बघण्यासारखी खरी गोष्ट ही आहे. घर जळालेल्या बाईने पुन्हा घर उभं केलं. गाईडने ती एका वाक्यात उरकली आणि पुन्हा सोन्यावर आला.

कल्याणमंडपात सगळे वर बघत होते. छताला रंगीत काचांचे मोर आहेत, बघावेतच. माझे बाबा खांबांकडे बघत होते. आयुष्य फौंड्रीत गेलेला माणूस. "बिडाचे आहेत," म्हणाले. गाईडला विचारलं, तर तो म्हणाला, हो, ग्लासगोहून आले. झालं! बाबांनी नातवाला धरलं आणि साचा कसा करतात, आत पोकळी ठेवायला काय करतात, एवढा लांब खांब ओतताना रस मध्येच थंड झाला तर काय होतं, सगळं तिथेच सुरू. मागून गर्दी ढकलतेय, नवरा डोळ्यांनी खुणावतोय, आजोबा-नातू जागचे हलायला तयार नाहीत. "आधीचा लाकडाचा होता ना, तो जळला. म्हणून मग लोखंड," हे बाबांचं. अभ्यासपूर्ण वगैरे मत नव्हे, पण पोराच्या डोक्यात वाडा बसला तो तिथे.

मग जगनमोहन पॅलेस. नवा वाडा होईपर्यंत राजघराणं इथे राहिलं, आता संग्रहालय आहे. आईला तिथली एकच गोष्ट बघायची होती, 'दिव्याची बाई'. हातात समई घेतलेली, दुसऱ्या हाताचा आडोसा ज्योतीला, बोटांतून उजेड झिरपतोय. हे चित्र राजा रविवर्म्याचं समजून कौतुक करणारे तिथेही दोघे-तिघे भेटले. आईने त्यांना शांतपणे सांगितलं, "हळदणकरांचं आहे. सावंतवाडीचे. समोर त्यांची मुलगीच उभी होती." आणि हे जलरंगातलं आहे बरं का, तैलरंगातलं नव्हे. जलरंगात चूक खोडता येत नाही, हे ज्याने शाळेत एकदा तरी कागद फाटेस्तोवर ब्रश घासलाय त्याला कळेल. आई दहा मिनिटं उभी होती. त्या खोलीत कोणी किंमत विचारली नाही.

त्याची कसर दुकानात भरून निघाली. ड्रायव्हरने "सरकारी शोरूम" म्हणून नेलं ते सरकारी नव्हतं, हे आत बसल्यावर आणि चहा पिऊन झाल्यावर कळलं. चहा घेतला की उठायची लाज वाटते, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. पुढच्या वेळी कोणी जाणार असाल तर एवढं लक्षात ठेवा: म्हैसूर सिल्कला जीआय (भौगोलिक) मानांकन आहे आणि सरकारी गिरणीच्या प्रत्येक साडीवर तिचा स्वतःचा क्रमांक असतो. तो आधी बघा. आम्ही नाही बघितला. साडी छान आहे, नेसणार आहे, तेव्हा कृपया कमेंटमध्ये "फसलात" लिहू नका, मला माहितीये.

दुपारी वृंदावन गार्डन. ऊन मरणाचं, फुलं माना टाकलेली, कारंजी झोपलेली. संध्याकाळी जायचं असतं, मान्य. पण रविवार होता आणि रविवारी संध्याकाळी राजवाड्यावर दिवे लागतात, दोन्ही जमत नाही. यावर गाडीत जे भांडण झालं ते इथे लिहीत नाही. बागेपेक्षा मला मागची भिंत आवडली. कृष्णराजसागर धरण, विश्वेश्वरय्यांचं. पाण्याच्या दाबाने आपोआप उघडणारे त्यांचे दरवाजे सगळ्यात आधी बसले ते आपल्या खडकवासल्याला, 1903 साली. खडकवासल्याला आपण कणीस खायला जातो, दरवाजे कोण बघतं! बाग ही त्या धरणाच्या पायथ्याशी मिर्झा इस्माईल दिवाणांनी नंतर उभी केली. आता लोक बागेसाठी येतात आणि धरणाकडे पाठ करून सेल्फी काढतात.

मला वाटतं आपलं सहलीतलं बघणं "किती"पाशीच थांबतं. किती खोल्या, किती किलो, कितीला घेतलं. "कसं" विचारायला थांबावं लागतं, आणि थांबायला वेळ नसतो, कारण पुढे अजून चार ठिकाणं ठरलेली असतात. यात गाईडची चूक नाही. तो आपण विचारतो तेच पाठ करून ठेवतो.

सातच्या सुमारास पुन्हा राजवाड्यासमोर येऊन उभे राहिलो. एकदम सगळे दिवे लागले, सुमारे 97 हजार, आणि गर्दीतून एकच "आऽऽ" उठला. मीही केला. पोरगा गप्प होता. मग म्हणाला, "आजोबा, यातला एक गेला तर कुठला गेला ते त्यांना कळतं कसं?"

बाबांनी चष्मा पुसला. दोघंही मग गेलेला बल्ब शोधायला लागले. डावीकडचा घुमट संपवून मधल्या कमानीपर्यंत पोचले होते, तेवढ्यात दिवे बंद झाले.