माईक लावलेलाच नाही, तर पंख्याचा आवाज येणार कुठून?

डोकं फिरलंय नुसतं. दोन महिने एकाच कस्टमर केअरशी भांडतेय. खोक्यावर मोठ्या अक्षरात डायनॅमिक रेंज (सगळ्यात मोठा आवाज आणि मशीनची स्वतःची खरखर यांतलं अंतर) 118 डीबी छापलंय म्हणून पदरमोड करून ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माईक लॅपटॉपला जोडायचा डबा, घेतला, घरूनच व्हॉइस-ओव्हर करते मी, आणि पहिल्याच दिवशी दोन वाक्यांच्या मधे नुसतं सूंऽऽऽ. फोन केला तर म्हणे मॅडम मुंबईत ट्रॅफिक असतं, पंखा बंद करून बघा.

अहो पंखा कसला, माईक लावलेलाच नाहीये! लॅमिंग्टन रोडवरून माईकच्या जागी लावायला 150 ओहमचा रेझिस्टर आणि एक्सएलआर कनेक्टर (माईकच्या वायरची तीन पिनची पिन) आणला, 2 आणि 3 नंबरच्या पिनमधे स्वतः सोल्डर केला, तो इनपुटला खोचला, गेन (आवाज वाढवायचं बटण) पूर्ण खाली आणि एक मिनिट रेकॉर्डिंग. खिडकीखालून गणपतीची मिरवणूक गेली तरी त्यात येणार नाही. त्या रेझिस्टरचा स्वतःचा नॉइज मायनस 131 डीबीयूच्या (व्होल्टेजचं माप) आसपास, म्हणजे नगण्य, खापर त्याच्यावरही फोडता येत नाही. 20 हर्ट्झ ते 20 किलोहर्ट्झमधे आकडा आला मायनस 101, म्हणजे मशीनला झेपणाऱ्या सगळ्यात मोठ्या आवाजापेक्षा खरखर फक्त 101 डीबी खाली; खोक्याप्रमाणे मायनस 118 हवा होता.

मग म्हणे तुमच्या बिल्डिंगचं अर्थिंग. गिरगावातली जुनी बिल्डिंग आहे, अर्थिंग बोंबललेलं आहे हे मलाही माहितीये, म्हणूनच चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर ठेवून परत मोजलं. 50, 100, 150 हर्ट्झचे सुळके गेले पण एकूण आकडा जेमतेम अर्धा डीबी हलला. हा विजेच्या लाइनचा हम नाहीच, हिस आहे, सगळ्या फ्रिक्वेन्सीत सारखा पसरलेला.

आणि काल कहर केला. टेक्निकल टीमने ग्राफ पाठवला, बघा मॅडम आमची लाइन मायनस 145 ला आहे. अरे ती एफएफटीची (आवाज फ्रिक्वेन्सीच्या खणांत वाटून दाखवणारा हिशोब) लाइन आहे रे! 65536 पॉइंटच्या एफएफटीत नॉइज 32768 खणांत वाटला जातो, प्रत्येक खणात चिमूटभर, म्हणून लाइन 45 डीबी खाली दिसते, पॉइंट दुप्पट केले की अजून 3 डीबी खाली जाईल, मशीन तेच राहील. ते 45 परत मिळवा, मायनस 100 येतं. म्हणजे यांच्याच ग्राफमधून माझाच आकडा निघतो आणि तोच मला पुरावा म्हणून पाठवतात! ए-वेटिंग (कानाला कमी ऐकू येणाऱ्या फ्रिक्वेन्सी कमी धरायची पद्धत) लावलं तरी दोनेक डीबी सुधारेल, 118 कुठून आणलं? मला तर वाटतं आतल्या, आवाजाचे आकडे करणाऱ्या चिपच्या डेटाशीटमधला (चिप कंपनीच्या माहितीपत्रकातला) आकडा उचलून सरळ खोक्यावर छापलाय, चिपच्या आधी माईकचा सिग्नल वाढवणारा जो प्रीअँप बसलाय त्याचा हिशोबच नाही.

या पंखा-अर्थिंगच्या नादात परत करायची मुदतही गेली. मे महिन्यात पंखा बंद करून घामाघूम होऊन मोजत बसले होते मी! इनपुटला काय लावून मोजलं, बँडविड्थ किती, वेटिंग कुठलं, एवढंच लेखी मागितलं होतं. तीन ओळी. अजून आलेल्या नाहीत.